गांजा, भांग आणि मनातली भीती : मेंदूत नेमके काय घडते?

वर्धाकाठ

आपल्या भागात गांजाबद्दल दोन गोष्टी सर्रास ऐकू येतात. चिलीम ओढली की डोके शांत होते, ही पहिली. आणि अमक्याच्या पोराचे डोके गांजापायी फिरले, ही दुसरी. बोलणारी माणसे पुष्कळदा तीच असतात आणि दोन्ही वेळा ती डोळ्यांनी पाहिलेलेच सांगत असतात. एकच पदार्थ एकाला निवांत करतो आणि दुसऱ्याच्या, किंवा त्याच माणसाच्या काही महिन्यांनी, छातीत धडकी भरवतो, हे कसे काय, याचे उत्तर मेंदूच्या रसायनशास्त्रात बऱ्यापैकी सापडते. मी औषधनिर्माणशास्त्र शिकवतो आणि विद्यार्थ्यांपेक्षा त्यांचे वडील आणि काकाच मला हा प्रश्न अधिक विचारतात, म्हणून हा धागा काढत आहे. ज्यांच्या घरात हा विषय आहे त्यांनी संकोच न करता लिहावे. मात्र कोणाचे नाव किंवा गाव देऊ नये.

गांजाच्या झाडात शंभराहून अधिक कॅनाबिनॉइड संयुगे आढळतात, पण भीती आणि चिंता यांच्या दृष्टीने दोन महत्त्वाची आहेत : टीएचसी आणि सीबीडी. सीबीडी १९४० साली अमेरिकेत रॉजर ॲडम्स यांनी वेगळे केले. टीएचसी शुद्ध स्वरूपात वेगळे करून त्याची रचना १९६४ साली इस्रायलमधील राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी मांडली. नशा चढते ती टीएचसीमुळे. सीबीडीने तशी नशा येत नाही. टीएचसी मेंदूत नेमके कुठे जाऊन बसते हे कळायला पुढे चोवीस वर्षे गेली. १९८८ साली ॲलिन हाउलेट यांच्या प्रयोगशाळेला त्याचे रिसेप्टर, म्हणजे पेशीवरील त्याच्या बसण्याच्या जागा, सापडले, ज्यांना आज सीबी१ म्हणतात. मग साहजिकच प्रश्न आला की, मेंदूत गांजासाठी अशी जागा असण्याचे कारण काय? ती जागा गांजासाठी नव्हतीच. मेंदू स्वतःच तयार करीत असलेला आणि त्याच जागी बसणारा आनंदामाइड हा पदार्थ १९९२ साली मेशुलाम यांच्या सहकाऱ्यांना सापडला आणि १९९५ साली २-एजी हा दुसरा.

हे पदार्थ काय करतात ते नीट समजून घेतले तर पुढचे सगळे सोपे होते. मेंदूतील पेशी एकमेकींशी रसायनांद्वारे बोलतात. त्यांत ग्लुटामेट हे चेतवणारे आणि गाबा हे शांतवणारे रसायन मुख्य आहे. पाटाला पाणी सुटले की टोकाच्या वावरातला माणूस पाणी पुरे झाल्यावर वरच्या अंगाला निरोप धाडतो आणि वरचा माणूस दार खाली करतो. आनंदामाइड आणि २-एजी हे असेच उलट दिशेने जाणारे निरोप आहेत. घेणारी पेशी फार चेतली की ती हे पदार्थ आपल्याच आवरणातील स्निग्ध द्रव्यांपासून त्या क्षणी तयार करते, ते मागे जाऊन पाठवणाऱ्या पेशीच्या टोकावरील सीबी१ला चिकटतात आणि रसायन सुटण्याचे प्रमाण कमी होते. काम संपताच एफएएएच नावाचे विकर आनंदामाइड तोडून टाकते. म्हणजे जिथे गरज, तिथेच. आणि गरज तेवढा वेळच.

टीएचसीला यांपैकी कोणतेच बंधन नाही. ते रक्तातून येते आणि सीबी१ असेल तिथे बसते, मग त्या ठिकाणी गरज असो वा नसो; शिवाय ते चरबीत विरघळणारे असल्याने शरीरातून सावकाश जाते. सीबी१ हे ग्लुटामेट सोडणाऱ्या टोकांवरही असतात आणि गाबा सोडणाऱ्या टोकांवरही. उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले की, अल्प मात्रेत परिणाम मुख्यतः ग्लुटामेटच्या टोकांवर होतो, चेतना कमी होते आणि प्राणी निर्धास्त होतो. मात्रा वाढली की गाबाची टोके दबतात, म्हणजे शांतवणारेच गप्प बसते, आणि तोच प्राणी घाबरून कोपरा धरतो. माणसांवरील पुरावाही याच दिशेचा आहे. शिकागो येथे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४२ निरोगी स्वयंसेवकांना लोकांसमोर बोलण्याचे आणि तोंडी गणिते सोडवण्याचे दडपणाचे काम दिले होते. ७.५ मिलिग्रॅम टीएचसी घेतलेल्यांचा ताण लवकर ओसरला आणि १२.५ मिलिग्रॅम घेतलेल्यांची मनःस्थिती कामाच्या आधीपासूनच बिघडली. या दोन मात्रांतील फरक अवघा ५ मिलिग्रॅमचा आहे. चिलमीत भरलेल्या चिमूटभर गांजात टीएचसी किती आहे हे विकणाऱ्याला ठाऊक नसते आणि ओढणाऱ्यालाही नसते, तेव्हा "मी मापात घेतो" या म्हणण्याला काही आधार उरत नाही.

भीतीचे मुख्य ठाणे म्हणजे मेंदूतील अमिग्डाला, आणि तेथे आनंदामाइडची पातळी राखणे हा मनाच्या स्थैर्याचा एक भाग आहे. याचा सर्वांत बोलका पुरावा एका औषधाच्या अपयशाने दिला. रिमोनाबंट नावाची वजन कमी करण्याची गोळी २००६ साली युरोपात आली. ती सीबी१ बंद करीत असे, त्यामुळे भूक कमी होई. पण ती घेणाऱ्यांत चिंता, नैराश्य आणि आत्महत्येचे विचार वाढल्याचे आढळले आणि २००८ साली ती बाजारातून काढून घेण्यात आली. म्हणजे सीबी१चे काम पूर्ण थांबले तरी जीव घाबरा होतो आणि त्यावर टीएचसीचा मारा केला तरी जीव घाबरा होतो. माझे म्हणणे एवढेच आहे की, आपल्या शरीरात भीती आवरणारी एक नाजूक व्यवस्था आधीपासून आहे आणि रोजचा गांजा तिला मदत करीत नाही, तिला दुबळी करतो. रोजच्या वापराने ती दुबळी कशी होते हे पुढे लिहितो. आधी इतरांचे प्रश्न येऊ द्यावेत.

पऱ्हाटी

सर, नमस्कार. तुम्ही लिहिलेले दोनदा वाचले. माझ्या थोरल्या भावाच्या मुलाबद्दल विचारायचे आहे. वय तेवीस, शेती करतो, कष्टाळू आहे. कॉलेजात असताना मित्रांबरोबर सुरू झाले आणि नंतर रोज संध्याकाळी बांधावर, मग सकाळीही. मागच्या वर्षी बोंडअळीने कपाशी गेली, त्यानंतर जास्त झाले. घरी कळले तेव्हा वहिनीने त्याच्याकडून देवापुढे शपथ घेतली आणि त्याने खरेच सोडले. पण सोडल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी हातपाय कापायला लागले, घामाने अंथरूण ओले व्हायचे, झोप नाही, जेवण नाही, आणि "काका, भेव वाटते, कशाचे ते समजत नाही" असे म्हणायचा. शेवटी एका मित्राने दिलेली गांजाची सिगारेट ओढली आणि अर्ध्या तासात पोरगा माणसात आला. हे आम्ही सर्वांनी पाहिले. आता भाऊ म्हणतात की त्याच्या मनाला मुळातच चिंतेचा आजार आहे आणि गांजा हेच त्याचे औषध आहे, राहू द्या. मला हे पटत नाही, पण जे डोळ्यांनी पाहिले त्याला उत्तरही देता येत नाही.

वर्धाकाठ

पऱ्हाटी दादा, तुम्ही जे पाहिले ते खरे आहे. त्याचा अर्थ मात्र भाऊंनी लावला त्याच्या उलट असण्याची शक्यता मोठी आहे.

सीबी१वर दिवसरात्र टीएचसीचा भार असला की मेंदू त्यावर उपाय म्हणून सीबी१ची संख्या कमी करतो. हे अंदाजाचे नाही. रोज गांजा ओढणाऱ्यांच्या मेंदूचे पेट स्कॅन करून पाहिले गेले आहे आणि काही भागांत सीबी१ सुमारे १५ ते २० टक्के कमी आढळले आहेत. आता अशा माणसाने अचानक सोडले तर काय होईल? बाहेरचे टीएचसी गेले, आतले आनंदामाइड नेहमीएवढेच आहे आणि त्याला बसायला जागा मात्र कमी. भीती आवरणारी व्यवस्था ऐन गरजेच्या वेळी अपुरी पडते. चिडचिड, घाम, कापरे, भूक न लागणे, उडालेली झोप, भयानक स्वप्ने आणि कारणाशिवाय वाटणारी भीती ही सारी लक्षणे एक-दोन दिवसांत सुरू होतात, पहिल्या आठवड्यात कळसाला जातात आणि साधारण दोन ते तीन आठवड्यांत ओसरतात. झोप सुधारायला त्याहून वेळ लागू शकतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानसंहितेने २०१३ साली या अवस्थेला अधिकृत निदान म्हणून स्थान दिले. मित्राच्या सिगारेटने अर्ध्या तासात बरे वाटले ते याच कारणाने : तुटवडा भरून निघाला. दारू रोज पिणाऱ्याचे सकाळचे कापरे एका घोटाने थांबते, म्हणून दारू हे कापऱ्याचे औषध ठरत नाही.

दिलासा देणारी बाजूही तितकीच पक्की आहे. त्याच स्कॅनच्या अभ्यासांत दिसले की, गांजा थांबवल्यावर दोन दिवसांतच सीबी१ पुन्हा वाढू लागतात आणि सुमारे चार आठवड्यांत बहुतेक भागांत सामान्य पातळीजवळ येतात. म्हणजे तुमचा पुतण्या ज्या दिवशी "आता सहन होत नाही" म्हणाला, तो बहुधा चढणीचा सर्वांत अवघड टप्पा होता. त्याला हे आधी कोणी सांगितले असते, तर त्याने तो टप्पा वेगळ्या धीराने काढला असता, असे मला मनापासून वाटते.

मुळात चिंतेचा आजार आहे की नाही, हा प्रश्न मात्र खुला ठेवायला हवा. काही मुलांना आधीपासून तो असतो आणि म्हणूनच ती गांजाकडे वळतात. हे ओळखण्याचा रास्त मार्ग म्हणजे चार-सहा आठवडे पूर्ण बंद ठेवून, डॉक्टरांच्या नजरेखाली, काय शिल्लक राहते ते पाहणे. जे शिल्लक राहील त्यावर चांगले उपचार आहेत.

रात्रपाळी

मी ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. सरांनी मेंदूतले सांगितले, मी खाटेवरचे सांगते, कारण महाशिवरात्रीच्या रात्री आणि यात्रेच्या दिवसांत आमच्याकडे येणाऱ्यांत हेच जास्त असतात.

एक नेहमीचे चित्र असे. पस्तिशीचा धडधाकट माणूस, चार जणांनी उचलून आणलेला, "डॉक्टर, मी मरतो" एवढेच म्हणणारा. नाडी मिनिटाला १३०, हात गार, तोंड कोरडे, डोळे लाल, ईसीजी मात्र फक्त जलद ठोके दाखवणारा. सोबतचे सांगतात की त्याने काहीच घेतले नाही. बऱ्याच वेळाने, बायको बाहेर गेल्यावर, तो स्वतःच भांगेचे दोन ग्लास कबूल करतो. टीएचसीने हृदयाचे ठोके मिनिटाला २० ते ५० ने वाढू शकतात; ती धडधड जाणवली की माणूस हृदयविकाराच्या भीतीने आणखी घाबरतो आणि घाबरल्याने ठोके आणखी वाढतात. भीतीच्या झटक्याचा हा फेरा रसायनाने सुरू होतो आणि विचाराने वाढतो.

भांग पोटातून जाते, म्हणून ती जास्त फसवते. धुरातून गेलेले टीएचसी काही मिनिटांत मेंदूत पोचते; गिळलेले मात्र यकृतातून जाते, तेथे त्याचे ११-हायड्रॉक्सी-टीएचसी होते आणि तेही तितकेच प्रभावी असते. परिणाम दिसायला अर्धा तास ते दोन तास लागतात. पहिल्या ग्लासाने काही झाले नाही म्हणून माणूस दुसरा घेतो आणि मग दोन्ही एकदम चढतात, ते सहा ते आठ तास उतरत नाहीत. अशा वेळी त्याला गोंगाटापासून दूर, ओळखीच्या माणसाजवळ बसवावे आणि "हे उतरणार आहे" हे शांतपणे पुन्हा पुन्हा सांगावे. ताक, चिंच, लिंबू देण्याची आपली पद्धत आहे. पूर्ण शुद्धीत असलेल्याने घोट घोट घेतले तर हरकत नाही, परंतु गुंगीत असलेल्याच्या तोंडात काहीही ओतू नका आणि बोटे घालून उलटी काढू नका. ते श्वासनलिकेत गेले तर भांगेने जे झाले नसते ते होईल.

छातीत दुखत असेल, घाम सुटला असेल, तर ईसीजी काढल्याशिवाय "नशेची भीती आहे" असे घरी कोणी ठरवू नये. वय चाळीसच्या पुढे असेल, रक्तदाब किंवा साखर असेल, तर मुळीच नाही.

आणखी दोन गोष्टी आमच्या भागासाठी फार महत्त्वाच्या आहेत. भांगेत धोत्र्याचे बी घालण्याचा प्रकार अजून चालतो. बाहुल्या विस्फारलेल्या, कातडी तापलेली आणि कोरडी, हवेत काहीतरी पकडल्यासारखे हात आणि असंबद्ध बडबड असेल, तर ते केवळ भांगेचे नाही, ताबडतोब आणा. दुसरे, फवारणीच्या दिवसांत घामाघूम, अस्वस्थ, थरथरणारा तरुण आला की घरचे "याने काही ओढले असेल" म्हणून घरीच निजवतात. लाळ गळते आहे, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या आहेत, स्नायू फडफडतात, तर ती कीटकनाशकाची विषबाधा आहे आणि तेथे प्रत्येक मिनिट मोलाचे आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या हंगामात कोणाच्याही अस्वस्थतेला नशेचे नाव देण्यापूर्वी तो सकाळी कोणत्या वावरात होता, हे विचारा. गांजाने तोंड कोरडे पडते, लाळ सुटत नाही, एवढे तरी लक्षात ठेवा.

सातपुडा_वाट

सर्वांचे लेखन वाचून आदराने थोडे वेगळे मत मांडतो. मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि मला स्वतःला लोकांसमोर उभे राहिले की घशाला कोरड पडते, मुलाखतीत शब्द फुटत नाही. मी गांजा ओढत नाही. परंतु सीबीडीवर चिंतेसाठी झालेले संशोधन खरे आहे, काही देशांत ते औषध म्हणून मिळते आणि आपल्याकडेही विजया या नावाने आयुर्वेदिक परवान्याखाली तेल विकले जाते. अशा वेळी संपूर्ण वनस्पतीलाच दोष देणे अन्यायाचे वाटते. ऑनलाइन मागवलेली एक छोटी बाटली माझ्या टेबलावर आहे, अजून उघडलेली नाही. उघडू की नको?

वर्धाकाठ

तुम्ही बाटली उघडण्याआधी विचारले, याचा आनंद झाला. वनस्पतीला दोष देण्याचा माझा हेतू नाही. टीएचसी आणि सीबीडी यांना एकाच तागडीत तोलू नये, हे तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे.

सीबीडी हे सीबी१च्या मुख्य जागी नीट बसतच नाही. उलट ते टीएचसीची पकड थोडी सैल करते. चिंतेवर त्याचा जो परिणाम दिसतो तो बराचसा सेरोटोनिन या मेंदूतील रसायनाच्या ५-एचटी१ए या रिसेप्टरमार्फत होत असावा, असे प्राण्यांवरील प्रयोग सुचवतात. तुमच्यासारखाच त्रास असलेल्या २४ जणांवर ब्राझीलमध्ये २०११ साली प्रयोग झाला. त्यांतील निम्म्यांना भाषणापूर्वी ६०० मिलिग्रॅम सीबीडी दिले आणि त्यांची घबराट, अडखळणे आणि स्वतःबद्दलचे वाईट विचार लक्षणीय कमी झाले. पुढे २०१९ साली निरोगी पुरुषांवर १५०, ३०० आणि ६०० अशा तीन मात्रा दिल्या, तेव्हा फक्त ३०० ने फरक पडला; कमीनेही नाही आणि जास्तीनेही नाही.

आता आपल्या टेबलावरील बाटलीचे लेबल वाचा. संपूर्ण बाटलीत समजा ३०० मिलिग्रॅम सीबीडी आहे आणि "रोज पाच थेंब" असे लिहिले आहे, तर ते पाच थेंब प्रयोगातील मात्रेच्या जवळपासही जात नाहीत. ती मात्रा गाठायला अख्खी बाटली एका वेळी प्यावी लागेल. लेबलवर सीबीडी आणि टीएचसी किती, हे वेगवेगळे लिहिलेलेच नसेल, तर तुम्ही काय घेत आहात हे कळायला मार्ग नाही. विजयाच्या पानांपासून केलेल्या तेलात टीएचसीही असते, आणि ज्याला आधीच भीतीचा त्रास आहे त्याला नेमके तेच नको असते. अशी तेले वैद्यांच्या चिठ्ठीवर देण्याची असतात; एखाद्या विक्रेत्याशी फोनवर दोन मिनिटे बोलून मिळालेली चिठ्ठी म्हणजे तपासणी नव्हे.

औषध म्हणून सीबीडी सर्वांत भक्कमपणे सिद्ध झाले आहे ते चिंतेत नव्हे, तर लहान मुलांच्या दोन दुर्धर प्रकारच्या फेफऱ्यांत. अमेरिकेत २०१८ साली त्याला मान्यता मिळाली. तेथेही यकृताच्या तपासण्या करीत राहावे लागते. फेफऱ्याची क्लोबाझाम ही गोळी आपल्याकडे पुष्कळ रुग्ण घेतात. सीबीडीमुळे यकृतातील विकरे अडतात, त्या गोळीचा रक्तातील अंश वाढतो आणि रुग्ण गुंगीत जातो. घरात कोणी ती घेत असेल तर ते तेल त्यांच्या हाती लागू देऊ नका.

तुमच्या त्रासाला समाजभय म्हणतात, तो खूप जणांना असतो आणि समुपदेशनाने, टप्प्याटप्प्याने बोलण्याच्या सरावाने तो पुष्कळ कमी होतो. भीती विझण्याची जी प्रक्रिया अशा सरावात घडते, तिला अमिग्डालातील आनंदामाइड हातभार लावते, असे संशोधन सांगते. माझा सल्ला : बाटली उघडू नका आणि मानसतज्ज्ञांना एकदा भेटा.

ज्यांच्या रक्ताच्या नात्यात कोणाला भास, संशय, स्किझोफ्रेनिया असा आजार झाला आहे, त्यांनी टीएचसीपासून कटाक्षाने दूर राहावे, हेही येथेच लिहून ठेवतो. स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या ४५,५७० तरुणांचा मागोवा घेतला होता. त्यांतील ज्यांनी पन्नासहून अधिक वेळा गांजा घेतला होता, त्यांच्यात पुढे स्किझोफ्रेनियाचे प्रमाण सहा पट आढळले. हा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. गांजा ओढणाऱ्या बहुतेकांना हा आजार होत नाही, हेही खरे. पण कोणाला होईल हे आधी ओळखता येत नाही, आणि वय कोवळे असेल तर धोका अधिक असतो.

आशा_मेळघाट

मी आशा स्वयंसेविका आहे. येथे सगळे पुरुषमंडळींच्या बाजूने लिहिले गेले, म्हणून घरातल्या बाईची बाजू लिहिते. नवरा रात्री उठून बसतो, दाराकडे बघतो, "कोणी आले" म्हणतो. सासू म्हणते बाहेरची बाधा आहे आणि भुमकाकडे, म्हणजे आमच्याकडील पारंपरिक वैदूकडे, नेते. बायकोला ठाऊक असते की तो चिलीम ओढतो, पण ती दवाखान्यात सांगत नाही, कारण तिला वाटते की डॉक्टर पोलिसांना कळवतील आणि घरचा कमावता माणूस तुरुंगात जाईल. मी भुमकाशी वाद घालत नाही. त्यांच्याकडे जा, पण सोबत दवाखान्यातही चला, एवढेच म्हणते, आणि भुमकालाही सांगते की माणूस रात्रभर झोपला नाही तर आमच्याकडे पाठवा. ते पाठवतात.

कायद्याबद्दल कोणी स्पष्ट लिहील का? मला बायकांना खात्रीने सांगता आले पाहिजे.

रात्रपाळी

ताई, तुम्ही जे करता ते आमच्या ओपीडीपेक्षा मोठे काम आहे. कायद्याचे असे आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार गांजा बाळगणे आणि ओढणे हा गुन्हा आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. परंतु त्याच कायद्याचे कलम ६४-अ असे सांगते की, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणात बाळगल्याच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी माणूस स्वेच्छेने सरकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घ्यायला तयार झाला आणि त्याने ते पूर्ण केले, तर त्याच्यावरील खटल्यापासून त्याला संरक्षण मिळते. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला आपल्या आजाराची आणि उपचारांची माहिती गोपनीय राहण्याचा हक्क दिला आहे. तेव्हा बायकांना सांगा की डॉक्टरांपुढे खरे बोलावे. खरे कळले नाही तर आम्ही चुकीच्या आजारावर औषध देत बसतो.

जिल्हा रुग्णालयापर्यंत जाणे होत नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येते. डोंगरात जेथे रेंज मिळते त्या ठिकाणी उभे राहून तुम्हीच लावून द्या. पहिला फोन माणूस स्वतः लावत नाही, हा माझा अनुभव आहे.

पऱ्हाटी

रात्री पुतण्याला शेजारी बसवून हा सगळा धागा वाचून दाखवला. चार आठवड्यांत भरून निघते हे ऐकून त्याने पुन्हा ते वाक्य वाचायला लावले. तो पुन्हा सोडायला तयार आहे. दोन गोष्टी विचारतो. तो गांजा तंबाखूत मिसळून ओढतो आणि दिवसा खर्राही खातो. सगळे एकदम सोडावे काय? आणि मागच्या वेळी मेडिकलमधून अल्प्राझोलामची पट्टी आणली होती, ती घरात पडून आहे. त्या तीन-चार कठीण दिवसांत देऊ काय?

रात्रपाळी

दादा, पट्टी देऊ नका. ती गोळी भीती पटकन उतरवते, म्हणूनच तिची सवय लागते. ती गाबाचे काम वाढवते आणि काही आठवडे रोज घेऊन अचानक थांबवली तर फेफरे येऊ शकते. चिठ्ठीशिवाय ती मिळायलाच नको होती. लागलीच तर डॉक्टर मोजून, मोजक्या दिवसांसाठी देतील आणि स्वतः थांबवतील.

तंबाखूबद्दल विचारले ते फार बरे केले, कारण हा भाग बहुतेक जण विसरतात. निकोटीन सुटले की चिडचिड, अस्वस्थता आणि झोपमोड होते, आणि ती गांजाच्या तुटवड्यात मिसळून दुप्पट वाटते. गांजा सोडून तंबाखूची सिगारेट चालू ठेवली, तर हात, वेळ, जागा आणि सोबत तीच राहते आणि पुन्हा गांजा भरला जातो. म्हणून ओढणे दोन्हींचे एकदम थांबवावे आणि निकोटीनची गरज च्युइंगम किंवा पॅचने भागवावी. त्यांची मात्रा आम्ही ठरवून देतो. खर्राही त्यातच धरा, त्यातही तंबाखूच आहे. तो दुसऱ्या कोणत्या मानसिक आजाराची गोळी घेत असेल तर आधी सांगा, कारण धूर बंद झाला की ओलान्झापीनसारख्या काही औषधांचा रक्तातील अंश वाढतो आणि मात्रा बदलावी लागते.

गांजाच्या तुटवड्यावर अशी खास मंजूर झालेली गोळी नाही. झोप, मळमळ, कापरे यांवर त्या त्या लक्षणाप्रमाणे औषध दिले जाते आणि खरा भर समुपदेशनावर असतो : तलफ कोणत्या वेळी येते, बांधावर कोण बसते, त्या अर्ध्या तासात तो दुसरे काय करणार. पहिल्या आठवड्यात त्याला एकट्याला रात्रीचे ओलित करायला पाठवू नका. दिवसा अंगमेहनत करू द्या, दुपारनंतर चहा बंद ठेवा, आणि रात्री तो उठून बसला तर वहिनींनी शपथेची आठवण देऊ नये. "आज कितवा दिवस" एवढेच विचारावे. मरावेसे वाटते असे तो एकदा जरी बोलला, किंवा नसलेले आवाज ऐकू येतात म्हणाला, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी घेऊन या, आणि घरातले फवारणीचे औषध आजच कुलूपबंद करा.

जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा कक्ष असतो; सकाळच्या ओपीडीत तेथे चिठ्ठी काढा. येताना आधार कार्ड, जुन्या चिठ्ठ्या, ती अल्प्राझोलामची पट्टी आणि घरात कोणाला मानसिक आजार झाला असेल तर त्याची माहिती आणा. सोबत कोणी यायचे, ते त्यालाच ठरवू द्या.